गोपाळस्वामीच्या डोंगरावरून दिसलेलं

बसवनगुडी, बंगळूर
३ डिसेंबर १९६३

तीर्थरूप अण्णांच्या चरणी बंगळूरच्या हरीचा दंडवत. चंद्रावहिनींना वेगळा नमस्कार, कारण मागच्या खेपेला तो तुमच्या नमस्कारातच उरकला म्हणून त्या रुसल्याचं कानावर आलं. त्यांचा खोकला कसा आहे? ज्येष्ठमध संपला असेल तर कळवा, इथे गांधीबाजारात चांगला मिळतो. परसातल्या फणसाचं काय झालं? शेजाऱ्यांनी फांदी तोडली, की अजून नुसत्या धमक्याच चालू आहेत? आमच्याकडे हेमलता बरी आहे. अलका आठवीत गेली आणि उंचीत माझ्यापेक्षा दोन बोटंच काय ती कमी उरली. मी कसा आहे ते पुढे येईल. घाई करू नका, मीही करणार नाही.

तर आम्ही सहलीला जाऊन आलो. आमच्या मंडळाचे चिटणीस विश्वासराव यांना तुम्ही ओळखत नाही, हे तुमचं भाग्य. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, पण त्यांच्या शिट्टीला अजून निवृत्ती मिळालेली नाही. गणपतीत आरतीची सुरुवात शिट्टीनं, प्रसादाची रांग शिट्टीनं, आणि भाषण लांबलं तर तेही शिट्टीनंच संपतं. (या एका गोष्टीपुरता मी त्यांचा भक्त आहे.) त्यांनी फळ्यावर नोटीस लावली की मंडळाची सहल म्हैसूरच्या पलीकडे बंदीपूरच्या जंगलातल्या गोपाळस्वामी डोंगरावर जाईल. त्या राखीव जंगलाला त्यांनी नोटिशीत 'राष्ट्रीय उद्यान' म्हटलं होतं. त्यामुळे त्यांच्या पत्नी रत्नाबाई शेवटपर्यंत अशा समजुतीत होत्या की तिथे लालबागेसारखे गुलाबाचे वाफे आणि बसायला बाकडी असणार. त्यांनी वेणीसाठी सुई-दोरासुद्धा घेतला होता.

नोटीस लागली त्याच संध्याकाळी हेमलतेनं मला न विचारता आमची तीन नावं घालून टाकली. अण्णा, ही बाई एरवी बुल टेंपल रस्त्यापलीकडे जायचं म्हटलं तरी दूध उतू जाण्याचं कारण सांगते. मी विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाली, "अलकाला जंगल दाखवायचंय." अलका म्हणाली, "मी कधी म्हटलं?" त्यावर तिला आत भाजी निवडायला पाठवण्यात आलं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मला वाटलं, बाईला हवापालट हवा असेल.

शनिवारी दुपारी बस निघाली. रात्रीपुरता मुक्काम म्हैसूरच्या एका छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, होता. तिथल्या मॅनेजरनं 'मराठी मंडळ' हे शब्द वाचून आम्हाला नाटक मंडळी ठरवलं आणि पुढच्या रांगेत दोन जागा मिळतील का म्हणून विश्वासरावांच्या मागे लागला. नाटक नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा इतका उतरला, की हरीभाऊंनी एखादं गाणं तरी म्हणावं, असा मंडळींचा आग्रह पडला. (हरीभाऊ म्हणजे मी. मी मंडळात विनोदी माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. ही कीर्ती मला कशी मिळाली तेही सांगायचं आहे, पण आधी डोंगर चढू.)

रविवारी सकाळी डोंगराच्या पायथ्याशी उतरलो. खाकी कपड्यातला एक फॉरेस्ट गार्ड आमच्याबरोबर येणार होता. त्यानं कन्नडमध्ये पहिलीच सूचना दिली की वाटेवर हत्ती असतात, आवाज करायचा नाही, शिट्टी तर मुळीच नाही. अण्णा, त्या क्षणी विश्वासरावांकडे बघवत नव्हतं. ऐन लढाईत बंदूक काढून घ्यावी तसा माणूस उभा होता. शेवटी त्यांनी तडजोड केली, शिट्टी तोंडात धरली पण फुंकली नाही, आणि चार मैलांची अख्खी चढण तशीच चढले. त्यामुळे ते काय बोलत होते ते कोणाला कळलं नाही, आणि सहलीची व्यवस्था उत्तम राहिली.

आवाज करायचा नाही हा नियम आमच्या घरातल्या बाईनं मात्र पहिल्या वळणापासून मोडला. हेमलता माझ्या दोन पावलं पुढे चालत होती आणि सारखी पुटपुटत होती. "काय बाई हा दगड, केवढा वर आलाय." "इथे पाणी साचलंय वाटतं, उजवीकडून जावं." "अगंबाई, मूळ बघा कसं आडवं पसरलंय." चौदा वर्षांच्या संसारात ती जेवढं बोलली नसेल तेवढं त्या चार मैलांत दगडांवर बोलली. दोनदा मी वैतागून म्हटलं, "अगं, तू सहलीला आली आहेस की रस्त्याची मोजणी करायला?" मागचे लोक हसले. पुढच्या वळणावर पुन्हा, "काय बाई हा दगड."

अर्ध्या वाटेवर मी पहिला पराक्रम केला. डाव्या हाताला झाडीत एक काळसर, अजस्र असं काही उभं होतं. मी दबक्या आवाजात म्हटलं, "हत्ती!" त्याबरोबर मंडळी अशी पांगली की रत्नाबाई, ज्यांना जिना चढताना दोघांचा आधार लागतो, त्या सर्वांच्या आधी मागच्या वळणाखाली पोचल्या. गार्डनं जाऊन त्या हत्तीवर हात ठेवला आणि म्हणाला, "कल्लु, स्वामी. बरी कल्लु." म्हणजे दगड, नुसता दगड. लोकांची हसता हसता पुरेवाट झाली. "काय पण हरीभाऊ, घाबरवलंत हो!" मीही हसलो. मग पुढे मैलभर मी एका हिरव्या लुगड्याच्या मागे चालत होतो आणि मन मोकळं करत होतो. म्हटलं, विश्वासरावांच्या घरच्या धपाट्यांना काल मीठ नव्हतं, चटणीत मात्र दोघांचं होतं, आणि ज्या बाईनं हे केलं तिच्या हाती मंडळाचा स्वयंपाक पुन्हा देऊ नये. हिरवं लुगडं थांबलं, वळलं, आणि रत्नाबाईंच्या आवाजात म्हणालं, "पुढच्या खेपेला तुम्हीच करा हो." हेमलताही हिरवंच नेसली होती. ती तेव्हा दहा पावलं पुढे गेली होती. पुन्हा हशा. रत्नाबाईसुद्धा हसल्या, कारण हरीभाऊ थट्टा करतात हे सगळ्यांना माहीत असतं.

आता ती कीर्ती. दोन वर्षांपूर्वी गणेशोत्सवात अध्यक्षांना हार घालायचा मान माझ्याकडे आला. मी व्यासपीठावर गेलो आणि मोठ्या अदबीनं तो हार त्यांच्याशेजारच्या ध्वनिक्षेपकाच्या दांड्याला घातला. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, भाषणबाजीवर मी मार्मिक टीका केली. अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली. त्या दिवशी मला कळलं की माणूस एकदा विनोदी ठरला की त्याला धडपडायची मुभा मिळते. तेव्हापासून मी दाराला नमस्कार केला, पायरीवरून घसरलो, ताटाऐवजी पाटावर आमटी वाढून घेतली, की लोक आधीच हसायला तयार असायचे. मी पडायचो आणि वर एक कोटी करायचो. अण्णा, फार कष्टाचं काम आहे ते. पडणं त्या मानानं सोपं.

डोंगरमाथ्यावर गोपाळस्वामीचं देऊळ आहे, आणि त्याच्या मागे थोडं चालून गेलं की कड्याच्या टोकावर दगडी कठडा. मी इथे नवीन असताना, एकोणपन्नास साली, ऑफिसच्या मित्रांबरोबर येऊन गेलो होतो. त्या कठड्यावरून दक्षिणेला दिसणारा देखावा मी जन्मात विसरणार नाही. तो माझ्या डोक्यात रेखाटून ठेवल्यासारखा आहे, आणि रेखाटणं हाच माझा धंदा. त्यामुळे मंडळी कठड्यापाशी जमली तशी मी पुढे झालो. गार वारा सुटला होता. समोर पांढरं होतं. मी काठी उगारली आणि सुरू झालो. "ती बघा समोर निळ्या डोंगरांची रांग, तोच नीलगिरी. खाली सगळं दाट जंगल. मधे चमकतंय ते तळं. तळ्याच्या काठाला काळे ठिपके दिसतात ना? गवे आहेत ते."

मग एकदम स्फोट झाल्यासारखे सगळे हसले. विश्वासरावांच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. एकजण ओरडला, "हरीभाऊ, गव्यांची शिंगं किती?" मला वाटलं, खेळ रंगला आहे. मी म्हटलं, "सात गवे, चौदा शिंगं, एकाचं मोडलेलं." लोक पोट धरून खाली बसले.

तेवढ्यात अलकानं माझा हात धरला. ती हसत नव्हती, ते तिच्या बोटांवरून कळलं. ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, धुकं आहे. काहीच दिसत नाहीय. कोणालाच."

अण्णा, मला त्या पांढऱ्याचं काहीच वाटलं नव्हतं. गेलं वर्षभर चार पावलांपलीकडचं जग मला तसंच दिसतं, ताकात बुडवून काढल्यासारखं. ते आज सगळ्यांनाच तसं दिसत असेल हे मला सुचलंसुद्धा नाही.

मी हसलो. आणखीही एक कोटी केली, कोणती ते आठवत नाही. मग मंडळी देवळाच्या ओवरीत जेवायला गेली आणि हेमलता मला घेऊन मागच्या पायरीवर बसली. अलका थोडी लांब उभी राहून गवत उपटत होती.

मग मी म्हटलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"गेल्या संक्रांतीपासून," ती म्हणाली. "मी तिळगूळ पुढे केला तर तुम्ही माझ्या हाताच्या शेजारची हवा उचललीत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवायला इतके कष्ट घेत होता. म्हटलं, ते तरी नीट चाललंय तर चालू दे." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटलं, अजून दिसतंय तोवर तुम्हाला इथे एकदा आणावं. लग्न झाल्यापासून ह्या डोंगराचं सांगत आला आहात. मेलं धुकं मी धरलंच नव्हतं हिशेबात." आणि मग अण्णा, ही बाई, जी आपल्या आईच्या दहाव्यालाही सगळं आवरून मग मोरीत जाऊन रडली होती, ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी रडली. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता. तो पहिल्यांदा खांबावर पडला. तिनं तो उचलून जागेवर ठेवला. तेव्हा मला वाटभराचे ते दगड आठवले, आणि माझं ते मोजणीचं बोलणं.

जेवणं चालू असताना धुकं फाटलं. ओवरीतून आरडाओरडा झाला, लोक पत्रावळी टाकून कठड्याकडे धावले. मला फक्त इतकं कळलं की पांढरं होतं ते उजळ झालं. मी हेमलतेला म्हटलं, जा, तू बघून ये. ती म्हणाली, मी पुष्कळ बघितलं. अलका मात्र मला ओढत कठड्याशी घेऊन गेली आणि म्हणाली, "विचारा."

मी विचारलं, नीलगिरी कुठे आहे? ती म्हणाली, तुमच्या काठीच्या डावीकडे, तुम्ही फार उजवीकडे दाखवलात. किती डावीकडे? तिनं माझा हात धरून वळवला आणि थांबवला. डोंगराची रेघ कशी आहे, सरळ की करवतीसारखी? ती म्हणाली, आधी लांबपर्यंत सपाट, मग एक खांदा, मग उतार, मग परत खांदा, पण दुसरा फिका. रंग? मागचा जवळजवळ आकाशाचाच, पुढचा निळा, अगदी पुढचा हिरवट काळा. तळं? आहे, पण चमकत नाही, मातकट आहे. आणि गवे? ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "नाहीत. एकही नाही." अण्णा, मला त्या पोरीचा अभिमान वाटला. दुसरी कोणी असती तर मला खूश करायला दोन गवे तरी घातले असते.

आम्ही तसे पाऊण तास उभे होतो. मी विचारायचं, तिनं सांगायचं. मागे कधी लोक येऊन उभे राहिले कळलं नाही. हसत कोणी नव्हतं. विश्वासराव खाकरले, माझ्या जवळ आले आणि म्हणाले, "हरीभाऊ, तो हार..." मी म्हटलं, "हो. तोही." उतरताना मी अलकाच्या खांद्यावर उघड हात ठेवून उतरलो. हेमलता मागून येत होती आणि पुन्हा गप्प झाली होती. रत्नाबाईंनी बसमध्ये पुढची खिडकीची जागा मला दिली. खिडकीचा मला काय उपयोग, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही आणि मी लक्षात आणून दिलं नाही. परत येताना बसमध्ये कोणी गाणं म्हटलं नाही. एकंदर सहल मी बिघडवली.

बुधवारी हेमलता मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यानं अंधाऱ्या खोलीत तासभर तपासलं. मोतीबिंदू असेल, कापून टाकतील, जाड भिंगाचा चष्मा येईल आणि मी घुबडासारखा दिसेन, इथवर माझी तयारी होती. पण तो म्हणाला की डोळ्याच्या आतला पडदाच झिजत चालला आहे, त्यावर कापणं नाही आणि चष्माही नाही. दोन वर्षं, फार तर तीन. फार चांगला माणूस, अण्णा. हे सांगताना त्यानं दिवा लावला, मला त्याचा चेहरा दिसावा म्हणून. मला दिसला नाही, पण मी दिसल्यासारखा मान हलवत राहिलो. सवय.

असो. लिहिण्यासारखं एवढंच. तुम्ही काळजी करू नका. फणसाचं कळवा. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मधल्यांनी आपापलं बघावं.

तुमचा धाकटा भाऊ,
हरी

ता. क. मागच्या पत्रात मला रेकॉर्ड खात्याचा प्रमुख केलं असं लिहिलं होतं ते खरं आहे. फक्त त्या खात्यात माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही, आणि तिथे मला नेलं ते माझ्या रेघा चुकायला लागल्या म्हणून. वहिनींनी पेढे वाटले असतील तर परत मागू नका.

आणखी ता. क. डॉक्टरनं मला विचारलं, घरात आणखी कोणाला हा त्रास होता का? मी ठामपणे नाही म्हटलं. मग घरी येताना रिक्षात आपले बाबा आठवले. शाळेत ते कधी पुस्तक उघडत नसत. सगळे म्हणायचे, मास्तरांना सगळं तोंडपाठ. संध्याकाळ झाली की आपल्याला एकेकाला जवळ बोलावून डोक्यावरून, तोंडावरून हात फिरवायचे आणि मगच नाव घ्यायचे. आपण त्याला माया म्हणत होतो. मायाही असेलच. पण अण्णा, तुम्ही माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, तुम्हाला नक्की माहीत असणार. वीस तारखेला डॉक्टर अलकाला तपासणार आहे. त्याला खरं सांगायला हवं.

शेवटचं. हे मी सगळ्यात आधी लिहायला बसलो होतो, आणि लिहवेना म्हणून डोंगराचं काढलं. अण्णा, गेल्या दिवाळीपासून तुमची जी पत्रं आली ती सगळी वहिनींच्या अक्षरात आहेत. प्रत्येकात लिहिलंय की 'हे कामात आहेत'. कोर्टातली नोकरी तुम्ही मुदतीआधी सोडलीत, कंटाळा आला म्हणून. मग कसलं काम? वहिनी, हे पत्र तुम्हीच त्यांना वाचून दाखवत असणार. इथे थांबू नका, हेही वाचा. आणि मग त्यांच्या हातात पेन द्या. एकच ओळ पाहिजे, त्यांच्या स्वतःच्या हातची. रेघेवर आली नाही तरी चालेल, एका अक्षरावर दुसरं चढलं तरी चालेल. वाचायला इथे अलका आहे, आणि ती नाही ते आहे म्हणून सांगत नाही.